गाडी सरळ पट्ट्यात मागे पडते: फोर-सिलिंडर रेस कारची गळालेली ताकद कुठे शोधायची

कडक नियमांच्या क्लासमध्ये इंजिन सगळ्यांचं सारखंच असतं. मूळ कॅम, मूळ पिस्टन, मूळ मॅनिफोल्ड, लॉक केलेला ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि बोल्टांवर सील. तरी हंगामाच्या मध्यावर तीच तक्रार येते: "वळणातून मी त्याच्या बंपरला चिकटून निघतो आणि पट्ट्याच्या शेवटी तो तीन गाड्या पुढे असतो. इंजिन बसलंय, उघडूया." अशा बऱ्याच गाड्या हाताखालून गेल्यावर माझा अनुभव असा की इंजिन उघडायची वेळ फार थोड्यांवर येते. नियम कडक असले की नवीन ताकद आणायला जागाच नसते. असलेली ताकद कुठे गळतेय तेवढंच शोधायचं असतं, आणि ती गळती बहुतेक वेळा इंजिनाच्या बाहेर सापडते.

लक्षणं

तुमची गाडी यातल्या कशात बसते ते आधी बघा, कारण पुढच्या तपासण्या त्यावर अवलंबून आहेत.

- पहिले काही लॅप गाडी ठीक चालते, मग जड होत जाते. पिटमध्ये उभी राहून थंड झाली की पुन्हा सुधारते.
- खाली पिकअप आहे, पण वरच्या हजार-दीड हजार आरपीएममध्ये दम संपतो.
- सगळीकडेच थोडी थोडी कमी. मिसिंग नाही, आवाज नाही, चेक लाइट नाही.
- लांब वळणातून निघताना क्षणभर अडखळते, आणि टाकी रिकामी होत जाईल तसं जास्त.
- डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) आकडा बरोबर येतो, ट्रॅकवर मात्र नाही.

पहिल्या प्रकारात ब्रेक आणि गरम हवा, दुसऱ्यात पेट्रोलचा पुरवठा, सायलेन्सर किंवा व्हॉल्व्ह स्प्रिंग, तिसऱ्यात थ्रॉटल आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ). चौथ्याचं उत्तर जवळपास नेहमी टाकीत असतं. वळणात पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. पाचव्या प्रकारात इंजिनाला हातच लावू नका. डायनोवर बोनेट उघडं असतं, समोर मोठा पंखा असतो आणि स्टिअरिंग सरळ असतं. ट्रॅकवर यातलं काहीच नसतं.

पाना उचलण्याआधी लॉगर (गाडीचा डेटा नोंदवणारं यंत्र) उघडा

पट्ट्याच्या शेवटचा वेग एकटा काही सांगत नाही. वळणातून २ किमी/तास हळू निघालात तर तो फरक पट्टाभर सोबत राहतो आणि दोष इंजिनाला लागतो. त्यामुळे आधी वळणातून निघतानाचा वेग बघा, मग त्याच गिअरमध्ये, त्याच वेगाला गाडी पुढे किती जोराने खेचते ते आधीच्या चांगल्या दिवसाच्या डेटाशी ताडून बघा. खेच तेवढीच असेल तर इंजिन निर्दोष आहे. मग चर्चा ड्रायव्हरशी किंवा टायरशी.

खेच खरंच कमी असेल तर दुसरी जागा बघा: ड्रायव्हरने पाय उचलल्यावर, ब्रेक दाबण्याआधीचा तो छोटा तुकडा. तिथे गाडी पूर्वीपेक्षा लवकर वेग सोडत असेल तर काहीतरी तिला मागे ओढतंय. तिथे काही फरक नाही आणि फक्त खेच कमी आहे, तर इंजिन कमी देतंय. एवढ्या एका तुलनेने अर्धं काम होतं. लॉगर नसेल तर सरावाच्या दिवशी, ट्रॅक मोकळा असताना आणि परवानगी घेऊन, सपाट पट्ट्यावर ८० किमी/तासला गाडी न्यूट्रल करा आणि ४० पर्यंत यायला किती वेळ लागतो ते दोन्ही दिशांनी मोजा. दोन्ही दिशा यासाठी, की वारा आणि चढउतार त्यातून वजा होतात. हा आकडा गाडी चांगली चालत असतानाच वहीत लिहून ठेवलेला असेल तर पुढे कामाला येतो.

हवामानही इथेच हिशोबात घ्या. हवा १० अंशांनी गरम झाली की तिची घनता साधारण ३ टक्क्यांनी घटते, आणि समुद्रसपाटीपासून १००० मीटर वर गेलात तर हवेचा दाब सुमारे ११ टक्के कमी असतो. दुपारी दोनच्या शर्यतीचा वेग सकाळच्या सरावाशी ताडून "ताकद गेली" म्हणण्यात अर्थ नाही. तुमच्या शेजारची गाडीही तीच हवा खातेय, तिच्याशी तुलना करा.

फुकटातल्या तपासण्या

*थ्रॉटल खरंच पूर्ण उघडतो का?* हसू नका. इनटेकचा पाईप काढा, एकाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवून, बेल्ट लावून, शर्यतीतले बूट घालून ॲक्सिलरेटर दाबायला सांगा आणि टॉर्च घेऊन तुम्ही फुलपाखरी झडपेकडे बघा. ती हवेच्या वाटेला अगदी समांतर व्हायला हवी. केबल सैल झालेली असते, पेडलचा ब्रॅकेट वाकलेला असतो, कुणीतरी पेडलखाली जाड स्टॉप लावलेला असतो. झडप पाच-दहा अंश कमी उघडल्याने हवा फारशी अडत नाही. पण ईसीयूला ८० टक्केच थ्रॉटल दिसला तर तो फुल लोडच्या मॅपमध्ये (पूर्ण ताकदीसाठी ठरवलेल्या आकड्यांच्या कोष्टकात) जातच नाही, आणि मग वर मिक्स्चर पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, राहतं. म्हणून झडप डोळ्यांनी बघाच, शिवाय स्कॅनरवर थ्रॉटल पोझिशनचा आकडाही बघा. इंजिन बंद ठेवून, फक्त इग्निशन चालू करून.

*टायरमधली हवा आणि टो (वरून बघता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन).* हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो आणि गाडी ओढतो. टो बिघडला असेल तर पुढची दोन्ही चाकं सरळ पट्ट्यातही किंचित घासत जातात. कठड्याला धडक बसल्यावर किंवा कर्ब जोरात चढल्यावर टो तपासला नसेल तर तो आता तपासा. दोरी आणि टेपनेही पुरेसं अचूक काम होतं.

*इंजिन ऑइलची पातळी.* वळणात ऑइल प्रेशर पडतं म्हणून काही जण डिपस्टिकच्या खुणेच्या वर भरतात. मग क्रँक त्या ऑइलमध्ये फटके मारत फिरतो, फेस होतो, आणि ताकद तिथे जाते. पातळी निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेतच ठेवा. प्रेशर पडत असेल तर उपाय संपमधल्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतल्या) बॅफलचा, म्हणजे ऑइल अडवणाऱ्या पत्र्याचा आहे, तोही नियमात बसत असेल तर.

*गरम हवा.* इनटेकचं तोंड रेडिएटरच्या मागची हवा तर ओढत नाही ना? बोनेटखालचा मूळ डक्ट फुटलेला किंवा निसटलेला असतो आणि तो बदलायला कोणताही नियम आड येत नाही. लॉगरवर इनटेकचं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा चालत्या गाडीत किती वर जातं ते बघा. पट्ट्यात वेग धरल्यावर ते खाली यायला हवं. येत नसेल तर एकतर डक्ट चुकतोय किंवा सेन्सर तापलेल्या धातूचंच तापमान सांगतोय. दोन्हीत ईसीयू टायमिंग मागे घेतो, म्हणजे नुकसान दुहेरी.

ब्रेक: यावर जरा वेळ घालवा

"चार लॅपनंतर जड होते" या तक्रारीमागे मला सर्वात जास्त वेळा सापडलेलं कारण हेच. गाडी सेशनमधून आत आली की लगेच, थंड व्हायच्या आत, चारही चाकं उचलून हाताने फिरवा. थंड गाडीवर केलेली ही तपासणी निरुपयोगी आहे, कारण थंड झाल्यावर चाक मोकळं होतं. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर डाव्या-उजव्या डिस्कचं तापमान ताडून बघा. पण पिटमध्ये येताना ब्रेक कमीत कमी वापरलेला असायला हवा.

चाक अडकत असेल तर त्याच वेळी, गॉगल आणि हातमोजे घालून, कॅलिपरचा ब्लीड निपल हळूच सैल करा. ऑइल उडून चाक मोकळं झालं तर लाइनमध्ये प्रेशर अडकलंय. मोकळं झालं नाही तर दोष कॅलिपरमध्येच आहे: पिस्टन किंवा स्लाइड पिन चिकटली आहे. प्रेशर अडकत असेल तर पुढच्या वेळी, गाडी पुन्हा तशीच गरम असताना, निपलऐवजी मास्टर सिलिंडरजवळचा जोड सैल करून बघा. तिथे सैल करून चाक सुटलं तर मास्टर सिलिंडर किंवा त्याचा पुशरॉड. तिथे सुटलं नाही, पण निपलवर सुटत होतं, तर मधला रबरी होज आतून सुजलाय.

पुशरॉडची गोष्ट मुद्दाम सांगतो. पेडल वरच्या वर लागावं म्हणून ड्रायव्हर पुशरॉड लांब करून घेतो. पेडल सोडलेलं असताना पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात किंचित मोकळीक हवी. ती गेली की मास्टर सिलिंडरमधलं परतीचं छोटं भोक झाकलं जातं, तापून फुगलेलं ब्रेक ऑइल परत टाकीत जाऊ शकत नाही, आणि ब्रेक आपोआप लागत जातात. जितकी गाडी तापेल तितके जास्त. ड्रायव्हरला हे इंजिनाची ताकद कमी झाल्यासारखंच जाणवतं.

पुशरॉडची मोकळीक नीट करणं घरी जमतं. कॅलिपर किंवा मास्टर सिलिंडर खोलून सील बदलणं हे आधी कधी केलं नसेल तर ते ब्रेकचं काम करणाऱ्याकडेच द्या.

जाता जाता व्हील बेअरिंगही बघून घ्या. आवाज येईपर्यंत थांबू नका.

थोड्या खर्चाच्या तपासण्या

*प्लग.* चारही प्लग काढून क्रमाने मांडा. एकेका प्लगचा रंग वाचण्यात लोक तासन्‌तास घालवतात. मला चौघांमधला फरक जास्त सांगून जातो. तिघं सारखे आणि एक वेगळा असेल तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर, कॉइल किंवा व्हॉल्व्ह बघायचा. गॅप फीलर गेजने मोजा. गॅप वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, आणि ते सर्वात जास्त फुल थ्रॉटलला, कारण तेव्हा सिलिंडरमध्ये दाब जास्त असतो. म्हणून अशी गाडी पिटमध्ये गुळगुळीत चालते आणि पट्ट्यात कमी पडते. रंग वाचायचाच असेल तर फुल थ्रॉटलवरून थेट इंजिन बंद करून गाडी घरंगळत आणावी लागते. पिटमध्ये आयडलवर आणलेल्या गाडीचा प्लग आयडलचंच सांगतो.

*व्होल्टेज.* इंजिन चालू असताना मीटर पंपाच्या कनेक्टरवरच लावा, बॅटरीवर नाही. दोन्हीकडच्या व्होल्टेजमध्ये अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर वायर, रिले किंवा अर्थिंग खराब आहे. पंप किती पेट्रोल देतो ते थेट व्होल्टेजवर ठरतं. अर्थची वायर काढून घासून परत लावल्यावर वरचा दम परत आलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

*पेट्रोलचं प्रेशर.* बऱ्याच पोर्ट इंजेक्शनच्या गाड्यांत मूळ प्रेशर ३ बारच्या आसपास असतं, पण तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. उभ्या गाडीत ते बरोबर दिसणं पुरेसं नाही. फुल थ्रॉटलला, सर्वात वरच्या आरपीएमला ते टिकायला हवं. १५० हॉर्सपॉवरच्या पेट्रोल इंजिनाला फुल थ्रॉटलला मिनिटाला साधारण पाऊण लिटर पेट्रोल लागतं. फिल्टर अर्धा बुजला असेल तर आयडलला काहीच कळत नाही, कारण तिथे त्याच्या अगदी लहानशा भागाची गरज असते. फिल्टर बदला आणि मग मोजा. मोजणाऱ्या गेजचा पाईप केबिनमध्ये आणू नका. लॉगरला जोडलेला सेन्सर वापरा. पेट्रोलचा वास येत असेल तर बाकी सगळं थांबवून आधी ती गळती.

*मिक्स्चर.* फुल थ्रॉटलला टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची सर्वाधिक ताकद साधारण १२.५ ते १३.२ या हवा-पेट्रोल प्रमाणात मिळते. वाइडबँड सेन्सरवर यापेक्षा बराच पातळ आकडा आला तर मागे पेट्रोलकडे जा. फार घट्ट आला तर कूलंटचा तापमान सेन्सर आणि मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरचा बारीक होज बघा. इंजिन तापलेलं असूनही ईसीयूला ते थंडच वाटत असेल तर तो पेट्रोल ओतत राहतो.

*सायलेन्सर.* आतलं बॅफल सुटून वाट अडवतं, किंवा दुपदरी पाईपचा आतला पदर पिचकतो. बाहेरून पाईप अगदी ठणठणीत दिसतो. ऑक्सिजन सेन्सरच्या भोकात प्रेशर गेज लावून इंजिन आयडलवरून वर नेत बघा. काटा आरपीएमसोबत भराभर चढत गेला तर अडथळा आहे. सायलेन्सरवर रबरी हातोडा मारून आत काही खुळखुळतं का ते ऐकणं हा त्याहून स्वस्त उपाय.

रिस्ट्रिक्टर असेल तर

फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत पेट्रोल इंजिनाला २० मिमीचा रिस्ट्रिक्टर (इनटेकची वाट अरुंद करणारा गळा) असतो, इतर क्लासमध्ये माप वेगळं. तत्त्व तेच. गळ्यातून जाणारी हवा आवाजाच्या वेगाला पोहोचली की तिथून जास्त हवा जाऊच शकत नाही, इंजिन कितीही फिरवा. अशा गाडीत "वर दम संपतो" हा दोष नाही, नियमानेच तो तसा ठरवलाय. ड्रायव्हर आवाजाच्या मोहात उशिरा गिअर बदलत असेल तर लॉगरवरून खेच कुठे घसरते ते दाखवा आणि गिअर तिथेच बदलायला लावा. फुकटात लॅप टाइम सुधारतो.

रिस्ट्रिक्टरच्या पुढे, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूला, एकही गळती नको. रबराच्या सपाट तुकड्याने (हाताने नाही) आयडलला तोंड झाकलं की इंजिन लगेच बंद पडायला हवं. पडलं नाही तर कुठूनतरी चोरून हवा येतेय. ती गॅस्केट फाटून येत असली तरी स्क्रूटिनीत कुणी तुमचा हेतू विचारत नाही. १९९५ साली जागतिक रॅली स्पर्धेत टोयोटाचा संघ रिस्ट्रिक्टरला वळसा घालून हवा नेणाऱ्या यंत्रणेमुळे बाद झाला आणि त्यांच्यावर वर्षभराची बंदी आली, हे तपासनीस अजून विसरलेले नाहीत.

टायमिंग: खूण खोटं बोलते

सगळीकडे थोडी थोडी कमी असलेल्या गाडीत मी टायमिंग लाइट लावण्याआधी क्रँकच्या पुढची पुली बघतो. आतला हब आणि बाहेरची रिंग यांच्यामध्ये रबर असतं. जुन्या, तापलेल्या, ऑइल लागलेल्या पुलीत बाहेरची रिंग त्या रबरावर हळूहळू सरकते. टायमिंगची खूण असते बाहेरच्या रिंगवर. म्हणजे लाइट लावून खूण अगदी रेघेवर आणलीत तरी प्रत्यक्षात टायमिंग काही अंश चुकलेलंच. क्रँक सेन्सरचे दातही बाहेरच्या रिंगवर असतील तर ईसीयूची स्वतःचीच फसवणूक होते.

तपासणी सोपी आहे. बॅटरी काढा. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून तिथे पिस्टन स्टॉप (पिस्टनला वर येताना अडवणारा दांडा) बसवा. क्रँक हाताने, पान्याने, एका बाजूला अडेपर्यंत फिरवा, स्थिर पॉइंटरसमोर रिंगवर खूण करा. मग उलट्या बाजूने अडेपर्यंत आणा, दुसरी खूण. दोन खुणांचा मध्य म्हणजे खरा टीडीसी (पिस्टन अगदी वर असण्याची जागा). कारखान्याची खूण तिथे नसेल तर पुली बदला. नवी पुली लावल्यावर हब, रबर आणि रिंग यांवरून एक आडवी रंगाची रेघ ओढून ठेवा. पुढच्या वेळी सरकली तर नुसत्या नजरेने कळेल.

याच टप्प्यावर नॉक (सिलिंडरमध्ये मिक्स्चर अवेळी पेटून होणारा ठोका) ऐकणारा सेन्सरही बघा. ईसीयू टायमिंग मागे घेतोय असं लॉगमध्ये दिसलं तर पेट्रोल आणि तापमान हे नेहमीचे संशयित आहेतच, पण ब्लॉकवर खुळखुळणारा सैल ब्रॅकेटही सेन्सरला नॉकसारखाच ऐकू येतो. सेन्सरचा बोल्ट ठरलेल्या टॉर्कलाच घट्ट करा, साधारणपणे तो २० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. जास्त आवळला तरी सेन्सर चुकीचं ऐकतो.

कॉम्प्रेशन, लीकडाउन, कॅम

इथपर्यंत काही सापडलं नसेल तरच इंजिनाच्या आत डोकवायचं. टॅपेट सेटिंग आधी, अर्थात व्हॉल्व्ह कव्हरवर सील नसेल तर. एक्झॉस्टची मोकळीक संपली की गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, आणि काही काळाने जळतो.

कॉम्प्रेशन घेताना इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, पेट्रोल आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी पूर्ण चार्ज. चौघांमध्ये १० टक्क्यांपर्यंत फरक चालतो. एकच कमी आला तर व्हॉल्व्ह किंवा रिंग. शेजारचे दोन कमी आले तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट. चारही सारखेच कमी आले तर लोक रिंगा गेल्या म्हणतात, पण आधी कॅमचं टायमिंग बघा. बेल्ट एक दात चुकला असेल तरी असंच होतं. ४० दातांच्या कॅम पुलीवर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश. ओव्हरहेड कॅमच्या इंजिनात हेड तासलं असेल, किंवा चेन ताणली असेल, तर त्याहून कमी पण जाणवण्याइतका कॅम मागे पडतो. खाली गाडी मंद आणि वर ठीक, अशी ती होते. समायोजनाची पुली किंवा ऑफसेट चावी तुमच्या क्लासला चालते का ते नियमपुस्तकात शोधा. तिथे "चालेल" असं लिहिलेलं नसेल तर चालत नाही असंच धरा.

लीकडाउन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून किती टक्के गळते ते मोजणं, जास्त नेमकं सांगतं. ५ टक्क्यांच्या आत उत्तम, १० पर्यंत चालून जातं. हवा कुठून सुटते ते ऐका: इनटेकमधून, सायलेन्सरमधून, की ऑइल भरायच्या तोंडातून. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. हवा भरल्यावर क्रँक अचानक फिरू शकतो, त्यामुळे पाना लावून हात तिथे ठेवू नका.

इथे थांबा

- तपासणीसाठी सील तोडावं लागणार असेल. ते काम आयोजकांनी मान्य केलेल्या इंजिन बिल्डरचं, आणि तेही आधी कळवून.
- लीकडाउन २० टक्क्यांच्या वर, ऑइलमध्ये चमकणारे कण, गरम इंजिनात ऑइल प्रेशर कमी, किंवा खालून ठोके. पुन्हा एक लॅपही मारू नका.
- वरच्या आरपीएमला ताकद पायरी उतरल्यासारखी एकदम पडते आणि पेट्रोल, ठिणगी, सायलेन्सर सगळं ठीक आहे. व्हॉल्व्ह स्प्रिंग थकल्या असण्याची शक्यता मोठी, आणि ते हेडचं काम आहे.
- ईसीयूचा मॅप बदलूनच सुटेल असं कुणी सांगत असेल आणि क्लासमध्ये ईसीयू लॉक असेल.

बिल्डरकडे इंजिन देताना "ताकद नाही" एवढंच सांगू नका. लॉगरचा चांगला आणि वाईट असा एकेक पट्टा, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन आणि लीकडाउन, टीडीसी तपासल्याची नोंद आणि पेट्रोलच्या प्रेशरचा आलेख सोबत द्या. परत घेताना त्याच्याकडून प्रत्येक स्प्रिंगचा दाब, चारही कम्बशन चेंबरचं मोजलेलं आकारमान आणि कॅमचं टायमिंग लिहून घ्या. कारखान्याने दिलेल्या टॉलरन्सच्या आत चारही सिलिंडर एकसारखे करून देणं हेच त्याचं खरं कौशल्य, आणि कागदावर ते आकडे असले की शर्यतीनंतर इंजिन उघडायला लावलं तरी घाम फुटत नाही. इंजिन बसवून रन-इन झालं की लीकडाउन आणि ८० ते ४० चा वेळ पुन्हा घ्या आणि त्याच वहीत लिहा.